उंबरठ्यापलीकडचा हिशेब

‘पर्यावरणवादी’ हा शब्द आपल्या सार्वजनिक व्यवहारात आता चांगलाच रुळला आहे. परंतु रुळता रुळता त्याच्या अर्थाची मोठी ओढाताण झाली आहे. एखादे धरण, महामार्ग वा कारखाना यांच्याविषयी शंका काढणाऱ्या माणसाला गप्प करावयाचे असले म्हणजे हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. आणि पाच जून उजाडला की तोच शब्द बिरुद होऊन वृक्षारोपण करणाऱ्या मान्यवरांच्या नावामागे लागतो. रोप लावल्याची वार्ता छापलेला प्लॅस्टिकचा फलक चौकात झळकतो. पावसाळा सरल्यावर रोप जगले की नाही हे पाहण्यास कोणी फिरकत नाही. फलक मात्र पुढील जूनपर्यंत तग धरतो. पर्यावरणवादी म्हणजे एक तर उपद्रवी, नाही तर उत्सवमूर्ती. रोज कामावर जाणारा आणि चार माणसांचा संसार चालविणारा सामान्य नागरिक मात्र तो नव्हे, हे या दोन्ही वापरांत गृहीत धरलेले असते.

राज्यघटनेचे म्हणणे तसे नाही. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचा भाग घटनेत आला. त्यातील अनुच्छेद ५१-क प्रमाणे वने, सरोवरे, नद्या आणि वन्य जीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण व संवर्धन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य कोणाकडून न्यायालयामार्फत सक्तीने पार पाडून घेता येत नाही, हे खरे. पण म्हणूनच ते रोजच्या वागणुकीत उतरणार की पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानावर छापण्यापुरते उरणार, हे सर्वस्वी नागरिकांवर अवलंबून आहे. प्रत्येकाला हिमालयात जाऊन झाडाला मिठी मारता येणार नाही, की न्यायालयात याचिका घेऊन उभे राहता येणार नाही. मग सकाळी दूध तापविण्यापासून रात्री दिवा मालविण्यापर्यंतच्या आपल्या दिनक्रमात या कर्तव्याला नेमकी जागा कोठे आहे?

स्वच्छतेची सीमा

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या समाजाच्या एका जुन्या सवयीपासून आरंभ करावा लागतो. आपण अस्वच्छ लोक आहोत, असा आरोप परके आणि आपलेही अधूनमधून करतात. तो अर्धाच खरा आहे. घराच्या आत आपण कमालीचे स्वच्छ असतो. स्वयंपाकघर दोन वेळा पुसले जाते, देव्हारा लखलखीत असतो, दाराशी रांगोळी असते. मात्र ही सारी स्वच्छता उंबरठ्याशी संपते. घरातील घाण घराबाहेर गेली की ती नाहीशी झाली, अशी आपली मनोमन समजूत असते. सोवळ्याओवळ्याच्या शतकानुशतकांच्या व्यवहाराने तिला बळ दिले; घाण बाहेर टाकणारा शुद्ध आणि ती उचलणारा अशुद्ध, असा उलटा न्याय रूढ केला. कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन सारे गाव झाडणाऱ्या गाडगेबाबांनी या न्यायावरच घाव घातला होता. आपण त्यांच्या नावाने स्वच्छता अभियाने काढली आणि खराटा मात्र ज्यांच्या हाती होता त्यांच्याच हाती राहू दिला.

वस्तुतः पर्यावरणाचा प्रश्न उंबरठ्यावरच सुरू होतो. आपल्या नळाला येणारे पाणी कोठून तरी येते आणि मोरीतून जाणारे पाणी कोठे तरी जाते. कचऱ्याची बादली रिकामी होते तेव्हा ती दुसरीकडे कोठे तरी भरत असते. हे ‘कोठे तरी’ म्हणजे नाव असलेले एखादे गाव असते. त्या गावातही उंबरठे असतात आणि उंबरठ्यांपुढे रांगोळ्या असतात.

कोथरूड ते उरुळी

पुण्याचे उदाहरण घ्यावे. कारण सुसंस्कृत म्हणून लौकिक असलेल्या शहराची कथा या बाबतीत अधिक बोलकी आहे. या शहराचा कचरा एके काळी कोथरूडच्या शिवारात पडत असे. तेव्हा कोथरूड गावाबाहेरचे होते. पुढे तेथे वसाहती उभ्या राहिल्या, मध्यमवर्गीय कुटुंबे राहावयास आली आणि कचरा डेपोची दुर्गंधी हा एकाएकी गंभीर नागरी प्रश्न झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी डेपो तेथून हलला आणि शहराच्या आग्नेयेस उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत गेला. कोथरूडच्या त्या जागेवर आज मेट्रोचे आगार आहे. कचऱ्याचे प्रमाण मात्र घटले नव्हते; त्याचा पत्ता तेवढा बदलला होता. ज्यांचा आवाज महापालिकेत पोहोचत होता त्यांच्या दारातून तो उठला आणि ज्यांचा पोहोचत नव्हता त्यांच्या दारात जाऊन पडला.

पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. उघड्यावर रचलेल्या मिश्र कचऱ्याचे डोंगर झाले. त्यातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत मुरले, विहिरींचे पाणी पिण्यायोग्य राहिले नाही आणि ज्या गावांत पाणी होते त्यांना टँकरची वाट पाहावी लागली. गावकऱ्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. दर वेळी आश्वासने मिळाली, मुदती ठरल्या आणि त्या उलटून गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली आणि ग्रामस्थांनी सुमारे तीन आठवडे गाड्या येऊ दिल्या नाहीत. पुण्याच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचू लागले तेव्हा कोठे शहराला आपल्या कचऱ्याचे दर्शन घडले. त्या तीन आठवड्यांत शहरवासीयांनी जे सोसले, ते त्या गावांनी पाव शतक सोसले होते. उकिरड्याचेही दैव बारा वर्षांनी फिरते असे आपल्याकडे म्हणतात. ज्या गावांचाच उकिरडा झाला त्यांचे दैव चोवीस वर्षांतही फिरले नव्हते. हे एकट्या पुण्याचे वैगुण्य नव्हे. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तेथील आगीच्या धुराने महानगर कोंदून गेले, तेव्हा देवनारच्या भोवतालीही माणसे राहतात ही गोष्ट अनेकांच्या ध्यानी आली.

आता या डोंगराची घडण पाहावी, म्हणजे त्यात आपल्या घराचा वाटा किती हे कळेल. आपल्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो: भाजीची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न. मोकळ्या हवेत, मातीच्या सोबतीने तो कुजला तर उत्तम खत होते. खेड्यातील उकिरड्याचे शास्त्र तेच होते. परंतु हाच ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून, इतर कचऱ्याखाली दडपून ठेवला की हवेविना सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू पेट घेतो म्हणून असे ढीग धुमसत राहतात. तो वातावरणात मिसळला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. दुसरीकडे, ओल्याच्या संगतीने बरबटलेला कागद आणि प्लॅस्टिक पुनर्वापराला निरुपयोगी होते. म्हणजे दोन उपयुक्त पदार्थ एकत्र करून आपण एक विषारी पदार्थ तयार करतो आणि ही किमया रोज सकाळी स्वयंपाकघरात, अवघ्या काही सेकंदांत घडते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली. त्यानंतर दोन रंगांच्या बादल्या घराघरांत आल्या. पण त्यांपैकी कित्येकींत आजही सर्व काही गुण्यागोविंदाने एकत्र नांदते.

वर्गीकरणाचा आणखी एक अर्थ आहे आणि तो शास्त्रापेक्षा माणुसकीशी अधिक संबंधित आहे. आपण जे वेगळे करीत नाही ते कोणाला तरी हाताने वेगळे करावे लागते. पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. कचरा वेचणाऱ्या या बहुतांश दलित स्त्रिया भीक मागत नाहीत, शहराला उपयुक्त असे काम करतात, हे तिने शहराकडून मान्य करून घेतले. याच संघटनेतून २००८ साली ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर जाऊन कचरा गोळा करणे आणि त्याबद्दल रहिवाशांकडून रीतसर मोबदला घेणे, ही व्यवस्था तिने रुजविली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आमचा हात त्यात जाणार नाही, एवढी साधी मागणी या स्त्रियांना शहरासमोर मांडावी लागली. फुटलेल्या काचेच्या पुडीवर ‘काच’ असा एक शब्द लिहिण्यास काय लागते? परंतु तो लिहिताना पुडी उघडणाऱ्या हाताची आठवण व्हावी लागते. दैनंदिन जीवनातील पर्यावरणवाद म्हणजे ही आठवण होय.

मोरीचे पाणी आणि सोलापूरचा नळ

जी गोष्ट कचऱ्याची, तीच पाण्याची. पुणे खडकवासल्याच्या धरणसाखळीचे पाणी पिते. मंजूर कोट्यापेक्षा शहर अधिक पाणी उचलते, ही जलसंपदा खात्याची तक्रार जुनी आहे. आणि शहराने अधिक उचलले की दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यांच्या आवर्तनावर त्याचा भार पडतो, हेही जुनेच आहे. पण गोष्ट येथे संपत नाही. वापरलेले पाणी मुळा-मुठेत जाते आणि त्याचा मोठा भाग गेली कित्येक दशके पुरेशा शुद्धीकरणाविना गेला आहे. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण आहे आणि उजनीतून सोलापूर शहर पाणी पिते. मैल्यातील नत्र आणि साबणचुऱ्यातील फॉस्फेट यांवर पोसलेले शेवाळ व जलपर्णी उजनीच्या फुगवट्यावर दिसते, तिचे खतपाणी पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांतून जात असते. सोलापूरकराला नळाचे पाणी वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. ते आले की त्याच्या रंगावासाची तक्रार तो आपल्या महापालिकेकडे करतो. वस्तुतः त्या तक्रारीचा अर्धा भाग वरच्या अंगाच्या शहरांकडे पाठविला पाहिजे. मुंबईचे चित्र उलट्या दिशेने तसेच आहे. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

नळ उघडा ठेवून दाढी करणाऱ्या माणसाला पाणी वाचविण्याचा उपदेश कंटाळवाणा वाटतो. तो बचतीच्या भाषेत केला जातो म्हणून तसे होते. हे पाणी इंदापूरच्या पिकाचे होते आणि ते सोलापूरच्या हंड्यात जावयाचे आहे, असे समजले तर तोच नळ बंद करण्यास उपदेशाची गरज उरणार नाही.

दोन पळवाटा

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याची दखल घेतली पाहिजे. घरातील नळ आणि बादली यांनी काय होणार? खरे प्रदूषण कारखाने करतात, वेष्टने उत्पादक बनवितात, नद्या महापालिका नासवितात; नागरिकाला पिशवी बदलावयास सांगणे म्हणजे मोठ्या अपराध्यांना मोकळे सोडणे होय. या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. प्रत्येकाने आपल्या कार्बनचा व्यक्तिगत हिशेब मांडावा, ही कल्पना लोकप्रिय करण्यात २००४ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या तेल कंपनीच्याच जाहिरात-मोहिमेचा मोठा हात होता. तेल विकणाऱ्याने तेल जाळणाऱ्याला आत्मपरीक्षण करावयास सांगावे, हा प्रकार त्याच्या हेतूविषयी पुरेसे सांगून जातो. आपल्याकडेही मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली. भाजीवाल्याला दंड झाला, ग्राहक काही महिने कापडी पिशवी घेऊन हिंडला आणि पिशव्या पुन्हा परतल्या. कापडासारख्या दिसणाऱ्या ज्या नव्या पिशव्या दुकानांत आल्या, त्यांतील बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच होत्या. अस्सल सुती पिशवीदेखील पिकविण्यास व विणण्यास बरेच पाणी आणि ऊर्जा लागते. ती वर्षानुवर्षे वापरली तरच तिचा लाभ. प्रत्येक समारंभात नवी कापडी पिशवी भेट देण्याचा रिवाज हा पर्यावरणवादाचा केवळ वेश आहे.

तथापि या आक्षेपाचा आधार घेऊन स्वतःला मोकळे करणे हीही पळवाटच होय. सरकार काही करीत नाही म्हणून मी करणार नाही, हे म्हणणे. आणि मी माझ्यापुरते करतो, सरकारशी मला कर्तव्य नाही, हे म्हणणे, ही एकाच नाण्याची दोन तोंडे आहेत. पहिल्यात आचरण टळते, दुसऱ्यात सार्वजनिक जबाबदारी टळते. ही दोन्ही अंगे एका माणसात कशी एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिलेले आहे. सेनापती बापट पारनेरला असताना हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडीत असत आणि ते काम त्यांना कमीपणाचे वाटले नाही. याच बापटांनी १९२१ साली सुरू झालेल्या मुळशी सत्याग्रहाचे नेतृत्व केले. मुंबईला वीज पुरविण्यासाठी होणाऱ्या धरणाखाली मावळातील सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. ती जमीन कोणाच्या सोयीसाठी आणि कोणाच्या संमतीने घेतली जात आहे, हा प्रश्न त्या सत्याग्रहाने विचारला. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा कोणाच्या ओठी नव्हता. पण स्वतःच्या अंगणापलीकडचा रस्ता आपला मानणे आणि स्वतःच्या शहराच्या सोयीपायी बुडणारे गावही आपलेच मानणे, या दोन कृतींमागची वृत्ती एकच आहे. पहिलीवाचून दुसरी भाषणबाजी ठरते आणि दुसरीवाचून पहिली नुसती टापटीप ठरते.

दुसरा आक्षेप दारिद्र्याचा. १९७२ साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांची सांगड घालून श्रीमंत राष्ट्रांना अवघडविले होते. गरजू माणसाला निसर्गरक्षणाचे प्रवचन देण्याचा अधिकार कोणाला, हा त्या भाषणातला प्रश्न आजही शिळा झालेला नाही. फक्त तो आता देशांतर्गतही विचारावा लागतो. झोपडीतील कुटुंब टाकून टाकून टाकते काय? सर्वांत अधिक कचरा करणारा, पाणी आणि वीज वापरणारा वर्गच आज पर्यावरणाविषयी सर्वांत अधिक बोलतो. त्यामुळे या कर्तव्याचा भार उत्पन्नाच्या प्रमाणात वाढता असला पाहिजे, हे उघड आहे. त्याचबरोबर ‘आमच्या आजीच्या काळी काही वाया जात नसे’ या स्मरणरंजनातही फार रमू नये. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, रद्दीवाला, कल्हईवाला यांच्यामुळे वस्तूंचे आयुष्य वाढत असे, हे खरे आहे आणि दुरुस्तीची ती संस्कृती परत आणण्याजोगी आहे. परंतु त्या काटकसरीमागे घरातील स्त्रीचे न संपणारे कष्ट होते आणि गावच्या स्वच्छतेमागे जातीची सक्ती होती. नव्या पर्यावरणवादाने हे ओझे पुन्हा त्याच खांद्यांवर देता कामा नये. कंपोस्टची बादली भरणे आणि ओल्या-सुक्याचा निवाडा करणे ही कामे गृहिणीच्या आणि मोलकरणीच्या माथी मारून गृहस्थाने सभेत व्याख्यान द्यावे, हा प्रकार नवा नाही. तो थांबला मात्र पाहिजे.

चार प्रश्न

मग करावयाचे काय? नियमांच्या लांबलचक याद्या पुष्कळ आहेत. त्याऐवजी चार प्रश्न मनाशी बाळगले तरी पुरे: ही वस्तू कोठून आली, ती कोठे जाणार, तिच्यासाठी कोणाचे हात राबले, आणि तिची खरी किंमत कोण मोजते आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास घरातून बाहेर पडावे लागते, हाच त्यांचा मोठा उपयोग आहे. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावर तीन तास वाद होतो. आपल्या संकुलाचे सांडपाणी शुद्धीकरण यंत्र चालते की केवळ कागदावर आहे, हे विचारण्यास तेथे तीन मिनिटे मिळत नाहीत. आपण वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती पुष्कळदा खरीही असते. तिचा निष्कर्ष ‘मग वेगळा कशाला करावयाचा’ असा काढला जातो. ‘गाडी कोठे जाते ते पाहून येऊ आणि प्रभाग कार्यालयात विचारू’ असा काढणारे विरळा. पुणे महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. ज्या संस्थेकडे पाणी, मैला आणि कचरा ही तिन्ही खाती आहेत, तिथे लोकनियुक्त सभागृह नसताना शहर निश्चिंत होते. कोणत्या पिशवीतून भाजी आणावी याची चर्चा मात्र घरोघर चालू होती. पर्यावरणाविषयीची आपली आस्था किती उथळ आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

म्हणून दैनंदिन जीवनातील पर्यावरणवादी ओळखण्याची खूण त्याच्या हातातील पिशवीत किंवा अंगणातील रोपात शोधू नये. आपल्या शहराचा कचरा कोणत्या गावात जातो आणि आपल्या मोरीचे पाणी कोण पिते, हे त्याला ठाऊक आहे काय, ते पाहावे. ज्याला हे ठाऊक आहे तो बादल्या वेगळ्या ठेवील, नळ बंद करील आणि मत मागावयास आलेल्या उमेदवाराला उरुळीविषयी व उजनीविषयी दोन प्रश्नही विचारील. अशा नागरिकांची संख्या वाढेपर्यंत कचरा डेपो हलत राहतील. कोथरूडहून उरुळीला गेलेला डेपो उद्या आणखी एखाद्या गावी जाईल आणि तेथील लोकांनाही आपल्याप्रमाणेच मुदती आणि आश्वासने मिळतील. ते गाव निवडले जाण्यापूर्वीच आपली बादली हलकी करणे, हे आजच्या आज आपल्या हाती आहे.